गोळी, गाठ आणि पुरावा

औषधाने रोग बरा होतो हे आपण सारेच मानतो. परंतु एखाद्या औषधाने नवा रोग जडू शकतो असे कानावर आले, की आपण दोहोंपैकी एका टोकाला जातो. कोणी म्हणतात, “डॉक्टर देतात ते काय उगाच? असले काही नसते.” कोणी त्याच दिवशी गोळ्यांची पट्टी केरात टाकतात. या दोन्ही टोकांच्या मध्ये एक शास्त्रशुद्ध वाट आहे, आणि ती समजण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. थोडे अंकगणित आणि पुष्कळसा धीर लागतो. ही वाट वाचकांसमोर मांडण्याचा प्रयत्न मी प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणे मुद्दाम बीटा-ब्लॉकर या एकाच औषधकुळातील घेतली आहेत.

प्रथम दोन शब्दांची ओळख करून घेऊ. आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणे लसीका नावाच्या पातळ द्रवाच्याही वाहिन्या असतात. त्यांच्या मार्गावर मान, काख, जांघ, छाती व पोट येथे घेवड्याच्या दाण्यासारख्या लहान लहान ग्रंथी असतात. त्या लसीकाग्रंथी होत. जंतू आणि परकी द्रव्ये अडविण्याच्या या चौक्याच म्हणा ना. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, घसा धरला की जबड्याखाली गाठ लागते, हा सर्वांचा अनुभव आहे. अशी गाठ बहुधा थोड्या दिवसांत जिरते. गाठ न जिरता वाढत राहिली तर मात्र तपासावी लागते. आपल्या देशात अशा गाठीचे एक नेहमीचे कारण क्षय हे आहे. जुनी माणसे त्यालाच गंडमाळ म्हणत. कर्करोग हे दुसरे कारण. याखेरीज काही अगदी विरळ विकारही आहेत. बोस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ बेंजामिन कॅसलमन यांनी १९५० नंतरच्या दशकात वर्णन केलेला व त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा विकार त्यांपैकीच होय. त्यात कधी एकाच ठिकाणची ग्रंथी फुगते. ती शस्त्रक्रियेने काढली की रोगी बहुधा बरा होतो. कधी अनेक ठिकाणच्या ग्रंथी फुगतात आणि ताप, घाम, वजन घटणे, रक्त कमी होणे अशी लक्षणे दिसतात.

दुसरा शब्द बीटा-ब्लॉकर. भीती वाटली वा धावलो की अ‍ॅड्रेनलीन रक्तात उतरते आणि हृदय जोराने धडधडू लागते. हृदयाच्या पेशींवर या द्रव्यासाठी जणू कुलपे असतात, आणि त्यांत ही किल्ली फिरते. अशी कुलपे दोन जातींची असावीत, असे अमेरिकेतील रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली मांडले व त्यांना आल्फा आणि बीटा ही नावे दिली. बीटा जातीचे कुलूप आधीच अडवून ठेवले तर हृदयावरचा ताण कमी होईल, हा विचार स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी केला. त्यातून प्रोप्रॅनोलॉल हे औषध निघाले. पुढे १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तदाब, हृदयशूल, अनियमित ठोके, अर्धशिशी अशा अनेक तक्रारींवर आज या कुळातील मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल आदी गोळ्या दिल्या जातात. आपल्या ओळखीच्या दहा घरांत विचारले तर एखाद्या घरी तरी ही गोळी सापडेलच.

म्हणूनच हा विषय केवळ पुस्तकी नाही. या सुट्टीत मी इंदूरला राजेंद्र नगरात मावशीकडे गेले होते. मावशीच्या सासूबाई, ज्यांना मी आजीच म्हणते, बरीच वर्षे मेटोप्रोलॉल घेतात. त्यांच्या मानेला डाव्या बाजूस आवळ्याएवढी गाठ आली होती. नेमके त्याच सुमारास त्यांच्या भजनी मंडळात मोबाइलवर एक निरोप फिरला, की रक्तदाबाच्या अमुक गोळ्यांमुळे मानेत गाठी होतात. निरोपात ना रुग्णांची संख्या होती, ना संशोधकाचे नाव, ना साल. तरी आजींनी निश्चय करून टाकला. “आता ही गोळी मी घेणार नाही बाई. गाठीपेक्षा तो रक्तदाब परवडला!” मावशी म्हणाली, “आई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका हो. उद्या सकाळीच जाऊ आपण.” त्या रात्री शेजारच्या काकूही आपली पट्टी घेऊन विचारायला आल्या. एका निनावी निरोपाने एका गल्लीत दोन घरांची झोप उडाली.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. बीटा-ब्लॉकर एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. दीर्घकाळ अडवून ठेवलेली कुलपे अचानक मोकळी झाली की हृदय अ‍ॅड्रेनलीनला नेहमीपेक्षा अधिक जोराने प्रतिसाद देते. हृदयविकार असलेल्या माणसास त्यामुळे छातीत कळ येऊ शकते, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. गोळी बंद करायचीच झाली तर डॉक्टर तिची मात्रा हळूहळू उतरवतात. तेव्हा संशयित गाठीच्या भीतीने पट्टी फेकून देणारा माणूस कदाचित नसलेल्या संकटापासून पळताना खऱ्या संकटात सापडतो.

मग औषधाचा आणि रोगाचा संबंध शास्त्रज्ञ ठरवतात तरी कसा? बीटा-ब्लॉकरच्या इतिहासातच याचे तीन धडे आहेत.

पहिला धडा उंदरांचा. प्रोप्रॅनोलॉलच्या आधी ब्लॅक यांनी आयसीआय या ब्रिटिश कंपनीत प्रोनेथॅलॉल हे औषध तयार केले होते. रुग्णांना त्याचा गुण येत होता. परंतु ते दीर्घकाळ दिलेल्या उंदरांच्या थायमस ग्रंथीत अर्बुदे आढळली, आणि १९६३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. थायमस ही लसीकासंस्थेचीच एक ग्रंथी आहे. उंदरास झाले म्हणून माणसास होईलच असे नसते. तरीही ज्या औषधाला पर्याय निघू शकतो त्यासाठी एवढी जोखीम घेण्याचे कारण नव्हते. प्रोनेथॅलॉल मागे पडले आणि त्याची जागा प्रोप्रॅनोलॉलने घेतली. तात्पर्य, बीटा-ब्लॉकर व लसीकाग्रंथी यांचा प्रश्न या औषधकुळाच्या जन्मापासूनच विचारला गेलेला आहे, आणि त्या वेळी तो दडपून टाकला गेला नाही.

दुसरा धडा याच्या उलट आहे. त्याच कंपनीने १९७० साली प्रॅक्टोलॉल हे नवे बीटा-ब्लॉकर ब्रिटनमध्ये विक्रीस आणले. ते मुख्यत्वे हृदयावरच काम करते, म्हणून दम्याच्या रुग्णांस त्यातल्या त्यात सुरक्षित, असा त्याचा लौकिक होता. प्राण्यांवरील चाचण्यांत काही वावगे दिसले नव्हते. परंतु १९७४ च्या सुमारास हे औषध घेणाऱ्यांच्या त्वचेवर विचित्र पुरळ उठत असल्याचे डॉक्टरांनी नोंदविले. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातील पीटर राइट यांच्याकडे डोळे कोरडे पडून बुबुळास इजा झालेले रुग्ण येत होते. त्यांतील अनेकांमध्ये एक गोष्ट समान होती, ती म्हणजे प्रॅक्टोलॉल. १९७५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. काही रुग्णांची दृष्टी कायमची गेली होती, काहींच्या पोटातील आवरण जाड होऊन आतडी जखडली होती. त्याच वर्षी औषध सर्वसाधारण वापरातून काढण्यात आले आणि पुढे कंपनीने पीडितांना नुकसानभरपाई दिली. ध्यानात घ्यावे असे, की थॅलिडोमाइडच्या भीषण प्रकरणानंतर १९६४ पासूनच ब्रिटनमध्ये डॉक्टरांनी दुष्परिणाम कळविण्यासाठी पिवळ्या कार्डाची पद्धत सुरू झालेली होती. तरीही प्रॅक्टोलॉलच्या नोंदींचा ओघ लागला तो ही बातमी वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्यावर. तोवर कोरडे डोळे आणि हृदयाची गोळी यांची सांगड फारशा कोणाच्या मनात आली नव्हती.

तिसरा धडा आनंदाचा आहे. फ्रान्समधील बोर्दो येथे क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ व त्यांचे सहकारी एका बाळावर उपचार करीत होते. त्याच्या नाकावर रक्तवाहिन्यांची लाल गाठ होती. हृदयाच्या तक्रारीसाठी बाळाला प्रोप्रॅनोलॉल दिले, तो दुसऱ्याच दिवशी गाठीचा रंग पालटला आणि ती मऊ पडू लागली. मग दुसऱ्या एका बाळाच्या बाबतीतही तसेच घडले. आणखी नऊ मुलांना ते औषध देऊन पाहिल्यावर २००८ साली अकरा मुलांची हकीगत प्रसिद्ध झाली. पण काम येथेच थांबले नाही. अशा गाठी वय वाढेल तशा आपोआपही ओसरतात. मग श्रेय औषधाचे कशावरून? म्हणून ४६० अर्भकांवर पद्धतशीर चाचणी झाली. कोणत्या बाळाला औषध व कोणाला दिसायला तसेच पण औषध नसलेले द्रव, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा, की पुरेशी मात्रा सहा महिने मिळालेल्या गटात शंभरांतील ६० बाळांची गाठ पूर्णपणे वा जवळजवळ पूर्णपणे गेली. औषधाविना राहिलेल्या गटात शंभरांतील अवघ्या ४ बाळांची.

तिन्ही कथांत सुरुवात कोणाच्या तरी चौकस नजरेपासून झाली. परंतु नजरेला पडलेली गोष्ट आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत अंतर आहे. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे लवकर उमजावे. रोजकीर्दीतील एका नोंदीवरून कोणी दुकानाचा नफा-तोटा सांगत नाही. पण ती नोंद गाळली तर ताळेबंद कधीच जुळत नाही.

आता हिशेब पाहू. समजा, एका विरळ विकाराचे २० रुग्ण आहेत व त्यांतील ८ जण बीटा-ब्लॉकर घेतात. शंभरांत ४० म्हणजे केवढे मोठे प्रमाण, असे वाटेल. पण त्याच वयाच्या, त्याच वस्तीतील, हा विकार नसलेल्या २०० माणसांना विचारले आणि त्यांतील ८० जण ती गोळी घेत असले, तर तेथेही प्रमाण शंभरांत ४० च झाले. म्हणजे गोळीचा व विकाराचा संबंध दिसत नाही. त्या वयात ती गोळी पुष्कळांना असते इतकेच. उलट त्या २०० पैकी २० जणच गोळी घेत असतील तर ४० विरुद्ध १० हा फरक विचार करायला लावणारा ठरेल. हे आकडे मी केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. मुद्दा असा, की आजारी माणसांची मोजणी एकटी कधीच बोलत नाही. तिच्याशेजारी निरोगी माणसांची मोजणी मांडावी लागते.

फरक दिसला तरीही काम संपत नाही. कॅसलमनच्या विकारात रक्त कमी होते हे वर सांगितलेच आहे. रक्त कमी झाले की धडधड होते. धडधडीसाठी डॉक्टर बीटा-ब्लॉकर देतात. काही महिन्यांनी गाठ हाताला लागते, आणि आपण म्हणतो की गोळीनंतर गाठ आली. वस्तुतः रोग आधीपासून होता आणि त्याच्यामुळेच गोळी आली! म्हणून ‘नंतर’ या शब्दाला ‘मुळे’ समजण्याची घाई करू नये. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ साली अशा प्रसंगी विचारावयाचे प्रश्न मांडून ठेवले आहेत. संबंध किती बळकट आहे? निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या लोकांना तो आढळतो काय? कारण खरोखर आधी व परिणाम मागाहून आला काय? मात्रा वाढली की परिणाम वाढतो काय? शरीरशास्त्राशी ते जुळते काय? एकेका रुग्णाच्या बाबतीत डॉक्टर आणखी एक पाहतात, ते म्हणजे औषध थांबविल्यावर त्रास ओसरतो की नाही.

औषधामुळे लसीकाग्रंथी खरोखरच फुगू शकतात याचे पक्के उदाहरण अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या औषधाचे आहे. फेनिटॉइन हे औषध फेफऱ्यावर उपयोगी असल्याचे १९३८ साली दिसून आले. १९५९ साली सॉल्ट्झस्टीन व अ‍ॅकरमन या अमेरिकन डॉक्टरांनी दाखविले, की अशा औषधांनी काही रुग्णांच्या ग्रंथी फुगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या हुबेहूब कर्करोगासारख्या दिसतात. पुष्कळांच्या गाठी औषध बदलल्यावर ओसरतात. हे ज्ञान नसते तर केवळ औषध बदलण्याची गरज असलेल्या रुग्णाला कर्करोगाचे जहाल उपचार सोसावे लागले असते. म्हणून गाठ दाखविताना आपण कोणकोणती औषधे घेतो हे डॉक्टरांना सांगणे फार महत्त्वाचे. आयुर्वेदिक काढा असो की दुकानातून परस्पर आणलेली गोळी, काहीही वगळू नये.

येथे वाचक विचारतील, की औषध बाजारात येण्यापूर्वी चाचण्या होतात, मग हे सारे तेव्हाच का कळत नाही? याचेही उत्तर अंकगणितात आहे. समजा, एक दुष्परिणाम दर १०,००० माणसांत एकाला होतो आणि चाचणीत ३,००० माणसे आहेत. तर शंभरांत सुमारे ७४ वेळा त्या चाचणीत असा एकही रुग्ण सापडणार नाही. निदान एक तरी रुग्ण सापडेल अशी शंभरांत ९५ वेळा खात्री हवी असेल तर ३०,००० माणसे लागतील. म्हणजे विरळ दुष्परिणाम बहुधा औषध विकले जाऊ लागल्यावरच दिसतात, आणि ते प्रथम पाहणारे डोळे रुग्णाचे, घरच्यांचे वा गल्लीतील डॉक्टरांचे असतात.

चाचण्यांच्या संदर्भात इंदूरचे नाव देशभर झाले आहे हेही येथे सांगावयास हवे. माणसांवरील औषध-चाचण्यांच्या देखरेखीबाबत इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. चाचणीस तयार होणाऱ्या माणसाच्या संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे, असा आदेश न्यायालयाने २०१३ साली दिला. पुढे २०१९ साली नवी औषधे व चिकित्सा चाचणी नियम आले. ज्या माणसाच्या शरीरावर ज्ञान मिळवायचे त्याला काय चालले आहे ते ठाऊक असले पाहिजे, हे त्यामागचे साधे तत्त्व आहे. ज्याला आपण चाचणीत आहोत हेच माहीत नाही, तो त्रास झाला तरी कोणाला काय सांगणार?

राजेंद्र नगरच्या आजींचे काय झाले? दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांची गोळी चालूच ठेवली आणि गाठीतील पेशी सुईने काढून तपासणीस पाठविल्या. गाठ क्षयाची निघाली. आता त्यांचे सहा महिन्यांचे औषध सुरू आहे. गोळी बंद करून त्या घरी बसल्या असत्या तर रक्तदाब बळावला असता आणि क्षयही तसाच वाढत राहिला असता. मात्र एका आजींची गाठ क्षयाची निघाली यावरून औषधाने गाठ कधी येतच नाही असेही कोणी म्हणू नये. तसे म्हणणे म्हणजे पुन्हा एकाच नोंदीवरून ताळेबंद मांडणे होय.

संशय आला तर सामान्य माणसाने काय करावे? आपल्या देशात यासाठी व्यवस्था आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषध-दक्षता कार्यक्रमात भारत १९९८ साली सामील झाला. २०१० साली भारतीय औषध-दक्षता कार्यक्रम सुरू झाला, आणि २०११ पासून त्याचे केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची नोंदणी केंद्रे आहेत. डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते यांच्याप्रमाणे रुग्ण स्वतःही दुष्परिणाम कळवू शकतो. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. रुग्णांसाठीचा नोंदणी अर्ज अनेक भारतीय भाषांत मिळतो. त्यांत मराठीही आहे आणि कन्नडही, तेव्हा आपल्या या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना भाषेची अडचण सांगता यायची नाही! दुष्परिणाम सिद्ध झाल्यावरच कळवायचा असतो असे नाही. संशय पुरेसा आहे. तो पारखण्याचे काम तज्ज्ञांचे.

कळविताना चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: औषधाचे पट्टीवरील पूर्ण नाव व घाणा क्रमांक, ते केव्हा सुरू केले व किती घेतले, त्रास केव्हा सुरू झाला व कसा होता, आणि सोबत आणखी कोणती औषधे चालू होती. घरातील वडीलधाऱ्यांना हे लिहिणे जड जाते. आपण महाविद्यालयीन विद्यार्थी रोज वह्या भरतो. त्यांतील एका वहीत आजी-आजोबांच्या औषधांचे एक पान उघडावे, तारखांसह नोंदी ठेवाव्यात, आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ती वही बरोबर न्यावी.